विश्लेषण : पहिलीच मॅरेथॉन, तीही ऑलिम्पिकची आणि थेट सुवर्णपदक! एमिल झाटोपेकने वेगाचे गणित कसे जमवले?

१९५२चे हेलसिंकी ऑलिम्पिक महाराष्ट्राच्या लक्षात आहे ते खाशाबा जाधव यांच्यामुळे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने तेथे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याच ऑलिम्पिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने आठ दिवसांत ५ हजार मीटर, १० हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके पटकावली. यातली मॅरेथॉन त्याच्या आयुष्यातली पहिली होती. ४२.१९५ किलोमीटरची शर्यत त्याने त्याआधी कधीही धावली नव्हती. मुंबई मॅरेथॉनसाठी दर वर्षी हजारो जण पहिल्यांदा नाव नोंदवतात आणि किती वेगाने सुरुवात करायची, या एकाच प्रश्नापाशी अडतात. एमिल झाटोपेकची गोष्ट नेमकी या प्रश्नाची आहे. मात्र तिच्यातून चुकीचा धडा घेणेही तितकेच सोपे आहे.

बाटाच्या कारखान्यातून मैदानात कसा आला?

झाटोपेकचा जन्म १९ सप्टेंबर १९२२ रोजी मोराव्हियातील कोप्रिव्हनित्से या गावी झाला. वडील सुतार, घरात बरीच भावंडे आणि परिस्थिती बेताची. शाळा संपताच तो झ्लिन येथील बाटाच्या पादत्राणांच्या कारखान्यात कामाला लागला. आपल्याकडे अनेकांना बाटा ही भारतीय कंपनीच वाटते, पण तिचे मूळ गाव हे झ्लिन. कारखान्यात काम आणि संध्याकाळी शिक्षण असा तेथील पोरांचा दिनक्रम असे. खेळाशी झाटोपेकचा फारसा संबंध नव्हता.

१९४१मध्ये कारखान्याने गावातून एक शर्यत ठेवली. तेथील क्रीडा प्रशिक्षकाने चार मुलांकडे बोट दाखवून धावायला सांगितले, त्यात हा होता. आपण अशक्त आहोत, आपल्याला जमणार नाही, अशी सबब त्याने पुढे केली. प्रशिक्षकाने त्याला तपासणीसाठी पाठवले आणि डॉक्टरांनी प्रकृती ठणठणीत असल्याचे सांगितले. नाइलाजाने धावलेला हा मुलगा सुमारे शंभर जणांत दुसरा आला. तीन वर्षांनी, १९४४मध्ये, २, ३ आणि ५ हजार मीटरचे राष्ट्रीय विक्रम त्याच्या नावावर होते. महायुद्ध संपल्यावर तो सैन्यात दाखल झाला आणि तेथे त्याला सरावासाठी हवा तेवढा वेळ मिळू लागला.

त्याचा सराव इतरांहून वेगळा कसा होता?

त्या काळी लांब पल्ल्याचे धावपटू मुख्यतः लांब अंतर एकसारख्या गतीने धावत. झाटोपेकचा हिशेब उलटा आणि अगदी साधा होता. हळू धावणे तर येतेच, शिकायचे आहे ते वेगाने धावणे. मग अंतर छोटे घ्यावे, ते जोरात धावावे, थोडे जॉगिंग करून दम खावा आणि पुन्हा जोरात धावावे. अशा फेऱ्या इतक्या करायच्या की वेगासोबत दमही वाढला पाहिजे. आज ज्याला इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात ते हेच. ते काही त्याने शोधले नव्हते. जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर या प्रशिक्षकाने १९३०च्या दशकातच या पद्धतीला शास्त्रीय बैठक दिली होती. झाटोपेकने वाढवली ती संख्या, आणि तीही इतरांना वेडेपणा वाटावा इतकी.

सुरुवातीचा त्याचा ठरलेला सराव असा असे : २०० मीटरच्या ५ फेऱ्या, ४०० मीटरच्या २० आणि पुन्हा २०० मीटरच्या ५. प्रत्येक दोन फेऱ्यांमध्ये सुमारे २०० मीटर जॉगिंग. जोरात धावलेले अंतरच १० किलोमीटर होते, जॉगिंग धरले तर सोळा. पुढे ४०० मीटरच्या फेऱ्या ४०वर गेल्या, मग ६०वर आणि शिखराच्या काळात काही दिवस त्या शंभरावरही पोहोचल्या. ६० फेऱ्यांच्या दिवशी जॉगिंगसह तीसहून अधिक किलोमीटर होतात. त्याने मॅरेथॉन कधी धावली नव्हती हे खरे, पण त्याच्या पायांनी तेवढे अंतर तुकड्या-तुकड्यांत कितीतरी वेळा पाहिले होते. त्याच्या पदार्पणातला हा भाग बहुतेक गोष्टींतून गळून जातो.

बाकी किस्से सर्वांना ठाऊक असतात. लष्करी बूट घालून धावणे, अंधार पडल्यावर हातात टॉर्च घेऊन जंगलातून धावणे, कपडे धुवायचे म्हणून टबात टाकून त्यांच्यावर जागच्या जागी धावणे. कामावर जाताना रस्त्याकडेच्या झाडांच्या रांगेत तो श्वास रोखून चालत असे आणि रोज एकेक झाड पुढे जात अखेर एकदा बेशुद्ध पडला, असेही सांगतात. धावताना त्याची मान एका बाजूला कलंडे, चेहरा पिळवटून निघे, जीभ बाहेर येई, आता हा कोसळणार असे पाहणाऱ्याला वाटे. कमरेच्या खाली मात्र पाय यंत्रासारखे चालत. त्याच्या मोठ्याने चालणाऱ्या श्वासामुळे युरोपातील वृत्तपत्रांनी त्याला ‘झेक इंजिन’ म्हणायला सुरुवात केली.

लंडनमध्ये वेगाचा पहिला धडा...

१९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये १० हजार मीटरसाठी त्याने एक सोपी युक्ती केली होती. ४०० मीटरच्या प्रत्येक फेरीला ७१ सेकंद हा त्याचा ठरलेला वेग. प्रेक्षकांत बसलेला सहकारी घड्याळ बघणार आणि वेग बरोबर असेल तर पांढरा, मंदावला तर लाल कपडा दाखवणार. सुरुवातीच्या फेऱ्यांत झाटोपेक गर्दीत मागेच राहिला. लाल कपडा दिसला तसा तो पुढे सरकला. विश्वविक्रमवीर फिनलंडचा विल्यो हेइनो या वेगापुढे टिकला नाही, त्याने शर्यतच सोडली. झाटोपेक २९ मिनिटे ५९.६ सेकंदांत पहिला आला, दुसरा आलेला फ्रान्सचा अलँ मिमून पाऊण मिनिटाहून अधिक मागे होता. त्या शर्यतीत पूर्ण एक फेरी मागे पडलेला ब्रिटनचा एक धावपटू पुढे या गोष्टीत महत्त्वाचा ठरतो. त्याचे नाव जिम पीटर्स.

५ हजार मीटरला मात्र त्याचे गणित फसले. प्राथमिक शर्यतीत दोघांचेही अंतिम फेरीतील स्थान नक्की असताना तो स्वीडनच्या धावपटूशी विनाकारण जीव तोडून स्पर्धा करून बसला. अंतिम शर्यतीत चिखलातून धावताना तो खूप मागे पडला आणि शेवटच्या फेरीत इतक्या उशिरा सुटला की बेल्जियमच्या गास्ताँ रेफला गाठता गाठता ०.२ सेकंदाने रौप्यपदकावर राहिला. ताकद होती, ती खर्च करण्याची वेळ चुकली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने भालाफेकपटू डाना इंग्रोव्हाशी लग्न केले. दोघांची जन्मतारीख एकच, वर्षही एकच. पुढच्या काही वर्षांत विश्वविक्रमांची रीघच लागली. यातला एक विक्रम मॅरेथॉनच्या दृष्टीने लक्षात ठेवावा असा आहे. सप्टेंबर १९५१मध्ये एका तासात २० किलोमीटरहून अधिक धावणारा तो जगातील पहिला माणूस ठरला. म्हणजे सुमारे अर्ध्या मॅरेथॉनइतके अंतर तो किलोमीटरला तीन मिनिटांहून किंचित कमी वेळात धावू शकत होता.

हेलसिंकीला तो जाणार होता की नाही?

१९५२च्या पूर्वार्धात तो आजारपणाने बेजार होता. त्याहून मोठे संकट राजकीय होते. संघातील मध्यम पल्ल्याचा धावपटू स्टानिस्लाव्ह युंगविर्थ याचे वडील राजकीय कैदी होते, म्हणून युंगविर्थचे नाव ऐन वेळी संघातून कापण्यात आले. तो येणार नसेल तर आपणही जाणार नाही, असे सांगून झाटोपेक संघासोबत विमानात बसलाच नाही. कम्युनिस्ट राजवटीच्या त्या काळात लष्करी अधिकाऱ्याने असे करणे म्हणजे नोकरीच काय, स्वातंत्र्यही गमावण्याची तयारी ठेवणे होते. अखेर राजवटीने माघार घेतली आणि काही दिवसांनी दोघेही हेलसिंकीला पोहोचले. याच राजवटीने इतर वेळी झाटोपेकच्या नावाचा प्रचारासाठी पुरेपूर वापर केला आणि त्याने तो करू दिला, हेही नोंदवले पाहिजे.

२० जुलैला त्याने १० हजार मीटर २९ मिनिटे १७ सेकंदांत जिंकली. २४ जुलैला ५ हजार मीटरच्या अखेरच्या वळणावर तो चौथा होता. तेथून बाहेरच्या बाजूने त्याने शाडे, मिमून आणि चॅटवे या तिघांना मागे टाकले. त्यानंतर तासाभरातच डानाने भालाफेकीचे सुवर्ण जिंकले. घरात आता दोन विरुद्ध एक असा हिशेब झाला, तो फार जवळचा आहे, तेव्हा मॅरेथॉनही धावून बघतो, अशी थट्टा त्याने केल्याचे सांगतात. थट्टा बाजूला ठेवली तरी प्राथमिक शर्यत धरून २० किलोमीटर पूर्ण ताकदीने धावलेल्या माणसाने तीन दिवसांत मॅरेथॉनला उभे राहायचे, हा निर्णय आज कोणताही प्रशिक्षक मान्य करणार नाही.

२७ जुलैला रस्त्यावर नेमके काय घडले?

मॅरेथॉनचा अनुभव नाही, तेव्हा ज्याला तो आहे त्याच्यासोबत राहायचे, एवढीच झाटोपेकची योजना होती. तो माणूस होता जिम पीटर्स. लंडनमध्ये फेरीने मागे पडल्यावर पीटर्स मॅरेथॉनकडे वळला होता आणि हेलसिंकीच्या सहा आठवडे आधीच त्याने २ तास २० मिनिटे ४२ सेकंद अशी जगातील सर्वोत्तम वेळ दिली होती. झाटोपेकने वृत्तपत्रातून पीटर्सचा क्रमांक पाहून ठेवला, सुरुवातीच्या रेषेवर त्याला शोधून काढले आणि स्वतःची ओळख करून दिली. ओळख करून देण्याची त्या दिवशी सर्वांत कमी गरज असलेला माणूस तोच होता, हा भाग वेगळा.

पीटर्स सुसाट सुटला. पहिले १० किलोमीटर त्याने ३२ मिनिटांच्या आत पार केले. म्हणजे किलोमीटरला सुमारे ३ मिनिटे १२ सेकंद. त्याच्या स्वतःच्या विक्रमी शर्यतीची सरासरी होती ३ मिनिटे २० सेकंद. किलोमीटरमागे आठ सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण मॅरेथॉनमध्ये हे कर्ज असते आणि ते ३० किलोमीटरनंतर व्याजासह वसूल होते. झाटोपेक आणि स्वीडनचा गुस्ताफ यान्सन काही सेकंद मागे होते. त्यांनी हळूहळू पीटर्सला गाठले.

त्यानंतरचा प्रसंग क्रीडाविश्वात इतक्या वेळा सांगितला गेला आहे की त्याची अनेक रूपे झाली आहेत. गाभा एकच. झाटोपेकने पीटर्सला विचारले की हा वेग बरोबर आहे का. दमलेल्या पीटर्सने त्याला चकवण्यासाठी सांगितले की वेग फारच कमी आहे. झाटोपेकने ते खरे मानले, की पीटर्सची अवस्था ओळखली, यावर मते वेगळी आहेत. तो पुढे निघाला एवढे नक्की. पीटर्सने ३२ किलोमीटरच्या सुमारास पायात गोळे आल्याने शर्यत सोडली. यान्सनने वाटेत एका ठिकाणी लिंबू घेतले, झाटोपेकने काहीच घेतले नाही आणि त्यानंतर यान्सन मागे पडला. यात लिंबाचा काही दोष नव्हता, यान्सनचे पाय संपत आले होते.

पुढचे अंतर झाटोपेक एकटाच होता. सोबतच्या गाडीतील छायाचित्रकारांशी, रस्त्याकडेच्या पोलिसांशी गप्पा मारत तो धावला. शेवटच्या टप्प्यात मात्र गप्पा थांबल्या, चेहरा नेहमीपेक्षाही पिळवटला. स्टेडियममध्ये त्याच्या नावाचा घोष सुरू होता. २ तास २३ मिनिटे ३.२ सेकंद, नवा ऑलिम्पिक विक्रम. अर्जेंटिनाचा रेनाल्डो गोर्नो अडीच मिनिटांनी आत आला, तोवर झाटोपेक त्याच्या स्वागताला संत्र्याची फोड घेऊन उभा होता. जमैकाच्या रिले संघाने विजेत्याला खांद्यावर घेऊन मैदानात फिरवले. त्यानंतर आठवडाभर आपल्याला नीट चालताही येत नव्हते, असे त्याने पुढे सांगितले आहे. पहिली मॅरेथॉन धावलेल्या आणि दुसऱ्या दिवशी जिना उलट्या पावलांनी उतरलेल्या कोणालाही यात आश्चर्य वाटणार नाही.

मग वेगाचे गणित कोणते?

आकडे शेजारी ठेवले की ते दिसते. झाटोपेकची मॅरेथॉनची सरासरी किलोमीटरला ३ मिनिटे २३ सेकंद. आठवडाभर आधीच्या १० हजार मीटरची सरासरी २ मिनिटे ५६ सेकंद. म्हणजे मॅरेथॉनचा वेग त्याच्या १० किलोमीटरच्या वेगाहून सुमारे १६ टक्के मंद होता. पीटर्सला ३ मिनिटे १२ सेकंदांचा वेग ताकदीबाहेरचा होता, झाटोपेकला तो गप्पा मारण्याइतका सोपा. रस्ता एक, वेग एक, पण दोघांच्या शरीराला तो वेगवेगळा पडत होता. झाटोपेकचीही सुरुवात जास्तच वेगवान होती. १० किलोमीटरला तो पीटर्सच्या फार मागे नव्हता आणि सबंध शर्यतीची सरासरी पाहता नंतर तो मंदावला हे उघड आहे. फरक एवढाच की ही चूक पचवण्याइतका साठा त्याच्याकडे होता.

हा साठा म्हणजे काय? वेगाने धावताना शरीर मुख्यतः स्नायू आणि यकृतातील ग्लायकोजेन जाळते. वेग जितका आपल्या कमाल क्षमतेच्या जवळ, तितके ते लवकर संपते. बहुतेकांच्या बाबतीत ही वेळ ३० ते ३५ किलोमीटरदरम्यान येते. धावपटू याला भिंत म्हणतात. क्षमता मोठी असेल किंवा वेग राखून ठेवला असेल, तर चरबीही इंधन म्हणून वापरली जाते आणि भिंत पुढे सरकते. झाटोपेकने क्षमता सरावातून आधीच वाढवून ठेवली होती. हौशी धावपटूच्या हातात शर्यतीच्या दिवशी उरतो तो दुसरा मार्ग, म्हणजे वेग राखणे.

पहिल्यांदा धावणाऱ्याने यातून काय घ्यावे?

झाटोपेकचेच प्रमाण वापरून पाहता येते. समजा एखाद्याला १० किलोमीटरला ५५ मिनिटे लागतात, म्हणजे किलोमीटरला साडेपाच मिनिटे. त्यात १६ टक्के वाढवले तर मॅरेथॉनचा वेग येतो सुमारे ६ मिनिटे २२ सेकंद आणि एकूण वेळ साडेचार तासांच्या आसपास. शर्यतीच्या पहाटे, गार हवेत, ढोल-ताशांच्या गजरात हा वेग हास्यास्पद वाटतो. सगळे पुढे निघून जात असतात. तरीही पहिले पाच-सात किलोमीटर याहूनही थोडे हळू धावणे हाच शहाणपणा. सुरुवातीला साडेपाचने धावून १० किलोमीटरमध्ये साधारण नऊ मिनिटे कमावणारा धावपटू शेवटच्या १० किलोमीटरमध्ये चालायला लागला की त्याच्या दुप्पट सहज गमावतो.

घड्याळ नसले तरी एक कसोटी हाताशी आहे आणि ती झाटोपेकच्या शर्यतीत आपोआप वापरली गेली : बोलता येते का? पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येत असेल तर अर्ध्या अंतरापर्यंतचा वेग योग्य. प्रशिक्षक आजही सरावातील लांब पल्ल्याच्या धावेसाठी हीच कसोटी सांगतात.

घेऊ नये असे मात्र बरेच आहे. पाणी न पिता धावणे त्या काळी कणखरपणाचे लक्षण मानले जाई. जानेवारीतही दमट असणाऱ्या मुंबईत तसे करणे थेट धोक्याचे आहे. १९५४मध्ये व्हँकुव्हर येथे उन्हात धावलेल्या याच जिम पीटर्सचे उदाहरण आहे. दुसऱ्या क्रमांकाहून पंधरा मिनिटांहून अधिक पुढे असताना तो स्टेडियममध्ये शिरला, शेवटच्या काहीशे मीटरमध्ये पुन्हा पुन्हा कोसळला आणि शर्यत पूर्ण करू शकला नाही. त्यानंतर तो स्पर्धेत धावलाच नाही. झाटोपेकच्या चाळीस-साठ फेऱ्यांची नक्कलही नको. नवख्याला मॅरेथॉनसाठी चार-पाच महिने लागतात. त्यातला बहुतांश सराव सावकाश असावा, आठवड्यातून एकदा अंतर थोडे थोडे वाढवत ३० किलोमीटरपर्यंत न्यावे आणि शेवटचे दोन-तीन आठवडे सराव उतरता ठेवावा. आणि अंतर कधी न धावता थेट उभे राहायचे, हे तर त्याच्याच बाबतीत एकदा जमून गेले.

दुसऱ्या वेळी काय झाले?

१९५४मध्ये त्याने ब्रसेल्सला १० हजार मीटर २९ मिनिटांच्या आत धावून दाखवली, हे करणारा तो पहिला. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकला मात्र वय ३४ झाले होते. डानाला पाठीवर घेऊन सराव करताना त्याला हर्निया झाला, स्पर्धेच्या काही आठवडे आधी शस्त्रक्रिया करावी लागली आणि जखम पुरती भरण्याआधीच तो पुन्हा धावू लागला. मेलबर्नला उन्हाचा तडाखा होता. २ तास २९ मिनिटे ३४ सेकंदांत तो सहावा आला.

जिंकला तो अलँ मिमून, २ तास २५ मिनिटांत. लंडन आणि हेलसिंकीत मिळून तीन वेळा झाटोपेकच्या मागे रौप्यपदकावर समाधान मानलेला हा धावपटूही त्या दिवशी आयुष्यातली पहिली मॅरेथॉन धावत होता. शर्यत संपवून तो रेषेजवळच थांबून राहिला. साडेचार मिनिटांनी झाटोपेक आला, मिमून जिंकल्याचे कळताच त्याने टोपी काढून लष्करी सलाम ठोकला आणि दोघांनी मिठी मारली.

त्यानंतरचे आयुष्य कसे गेले?

१९५८च्या सुमारास तो निवृत्त झाला. १९६०च्या दशकात ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क एकामागून एक विश्वविक्रम करत होता, पण ऑलिम्पिक सुवर्ण त्याच्या वाट्याला आले नाही. क्लार्क प्रागला आला असता झाटोपेकने निरोप देताना विमानतळावर त्याच्या हातात एक छोटे पुडके ठेवले. विमानात उघडल्यावर त्यात निघाले ते हेलसिंकीचे १० हजार मीटरचे सुवर्णपदक.

१९६८मध्ये प्राग येथील सुधारणांच्या चळवळीला त्याने उघड पाठिंबा दिला. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे शहरात शिरले तेव्हा तो रस्त्यावर उतरून सैनिकांशी वाद घालत होता. याची किंमत मोजावी लागली. पक्षातून आणि सैन्यातून हकालपट्टी झाली, प्रागमध्ये काम मिळेना. भूगर्भ तपासणीसाठी खोदकाम करणाऱ्या तुकडीत तो मजूर म्हणून रुजू झाला आणि घरापासून दूर ट्रेलरमध्ये राहू लागला. डानाशी भेट होई ती सुट्टीलाच. १९७१मध्ये त्याने आधीची भूमिका जाहीरपणे मागे घेतली. दडपणाखाली घेतलेली ही माघार काही जुन्या सहकाऱ्यांना रुचली नाही. पुढे त्याला प्रागमध्ये क्रीडाविषयक परदेशी नियतकालिके वाचून भाषांतर करण्याचे साधे काम मिळाले. अनेक भाषा त्याला येत असत, त्या अशा उपयोगी पडल्या. कम्युनिस्ट राजवट कोसळल्यावर १९९०मध्ये त्याला अधिकृतपणे सन्मानाने पूर्ववत करण्यात आले.

२१ नोव्हेंबर २००० रोजी प्रागमध्ये त्याचे निधन झाले. डाना त्यानंतर जवळपास वीस वर्षे जगली, मार्च २०२०मध्ये ती गेली. एकाच ऑलिम्पिकमध्ये त्या तिन्ही शर्यतींचे सुवर्ण आजवर दुसऱ्या कोणालाही जिंकता आलेले नाही. जवळ पोहोचली ती नेदरलँड्सची सिफान हसन. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तिने ५ आणि १० हजार मीटरला कांस्य आणि मॅरेथॉनला सुवर्ण मिळवले. तिची मॅरेथॉनची वेळ होती २ तास २२ मिनिटे ५५ सेकंद, म्हणजे झाटोपेकच्या हेलसिंकीतील वेळेपेक्षा आठ सेकंद कमी.